एम्बार्कडेरो: पाण्यापर्यंतची वाट

बे एरियातल्या मराठी घरात भारतातून आईवडील आले की पहिल्या-दुसऱ्या शनिवारचा बेत ठरलेला असतो. फ्रीमाँट असो, सनीव्हेल असो की प्लेझंटन, सकाळी डबे भरले जातात, स्वेटर घेतले का म्हणून दोनदा विचारलं जातं आणि गाडी सॅन फ्रान्सिस्कोच्या दिशेने निघते. गोल्डन गेट पूल, नागमोडी लोम्बार्ड स्ट्रीट, मग पिअर ३९ वरचे समुद्रसिंह. संध्याकाळपर्यंत फोटो पुण्या-मुंबईच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचलेले असतात.

हा बेत चांगलाच आहे, मीही तसंच पाहिलं. पण या शहरातली सर्वांत नवलाची गोष्ट या ठिकाणांच्या मधल्या रस्त्यावर आहे आणि तिथून आपली माणसं गाडीच्या काचेतून पाहत निघून जातात. त्या रस्त्याचं नाव एम्बार्कडेरो. शहराच्या पूर्वेला, खाडीला लागून तो काही किलोमीटर जातो. उत्तरेला फिशरमन्स व्हार्फ, दक्षिणेला बेसबॉलचं मैदान आणि मधोमध फेरी बिल्डिंगचा ७५ मीटर उंच घड्याळाचा मनोरा. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला गगनचुंबी कचेऱ्या. मधल्या प्रशस्त फरसबंदीवर धावणारे, बाबागाड्या ढकलणारे, गळ टाकून बसलेले, जेवणाच्या सुट्टीत आलेले कारकून आणि जगभरातून आलेले आपल्यासारखे प्रवासी.

माझी मावसबहीण इथे खूप वर्षं राहते. तिच्याकडे आलेली मावशी मूळची गिरगावातली. फेरी बिल्डिंगच्या मागच्या कठड्याला टेकून ती म्हणाली, "अगं, इथे कुणी अडवत कसं नाही? बंदर आहे ना हे?"

प्रश्न अगदी मुंबईच्या माणसाचा होता. आपल्या मुंबईला बंदराने मोठं केलं, पण पूर्व किनारा मुंबईकराला दिसतो तो भिंतींच्या फटींतून. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत पसरलेली पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची सुमारे १८०० एकर जमीन, आत गोद्या, गोदामं, फाटकं, पहारेकरी. भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला आपण पाण्याजवळ जातो ते लाँच पकडायला नाहीतर मासळी घ्यायला. सहज पाय मोकळे करायला पूर्वेच्या पाण्याकडे जाता येईल अशा जागा फार थोड्या. सॅन फ्रान्सिस्कोही एकेकाळी असंच भिंतीआड होतं. ती भिंत कशी गेली, हे तिथे चालत असताना कळत गेलं आणि मग बाकीचं सगळं मला वेगळं दिसायला लागलं.

आपण ज्या फरसबंदीवर चालतो तिथे मुळात समुद्र होता. १८४९ साली सोन्याच्या बातमीने जगभरातून जहाजं इथे धावली. नांगर पडला की खलाशी आणि कधीकधी कप्तानही डोंगराकडे पळत. शेकडो जहाजं उथळ खाडीत बेवारस उभी राहिली. काहींची गोदामं झाली, 'नायांटिक' नावाच्या जहाजाचं तर पुढे हॉटेल झालं. मग भराव टाकत टाकत शहर पुढे सरकलं आणि जहाजं जमिनीखाली गेली. १९९४ मध्ये मेट्रोच्या बोगद्याचं खोदकाम करताना 'रोम' नावाचं जहाज लागलं आणि आता गाड्या त्याच्या सांगाड्यातून जातात. मार्केट स्ट्रीटच्या टोकाशी भुयारात शिरणाऱ्या गाडीत बसलेल्या माणसाला याचा पत्ताही नसतो. मुंबईत सात बेटं जोडताना आपणही समुद्र मागे ढकलला, त्यामुळे भरावावर उभं असलेलं शहर आपल्याला नवीन नाही.

भराव धरून ठेवायला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे कित्येक दशकं खपून समुद्रभिंत बांधली गेली. तिच्यावर धक्के आले आणि १८९८ मध्ये फेरी बिल्डिंग. खाडीवर पूल नव्हते तोवर शहरात येणारा माणूस बोटीनेच यायचा. ऐन भरात दिवसाला सुमारे ५० हजार माणसं या इमारतीतून ये-जा करत. मग १९३६ मध्ये ओकलंडकडचा बे ब्रिज झाला, १९३७ मध्ये गोल्डन गेट, आणि बोटी ओस पडल्या.

त्याच काळातली एक गोष्ट फेरी बिल्डिंगसमोरच्या चौकात उभं राहून आठवावी अशी आहे. चौकाला हॅरी ब्रिजेस या गोदी कामगार पुढाऱ्याचं नाव आहे. त्या वेळी रोज पहाटे इथे माणसं घोळक्याने उभी राहत आणि मुकादम बोटाने दाखवून त्यांतली काही कामाला घेई. चिरीमिरी दिली नाही किंवा तोंड उघडलं, तर उपाशी. मुंबईच्या गोदीतही रोजंदारीचा हाच प्रकार होता आणि तो आवरायला १९४८ मध्ये कायदा करावा लागला. इथे १९३४ च्या मे महिन्यात पश्चिम किनाऱ्यावरची सगळी बंदरं संपावर गेली. ५ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं मेली. त्यानंतर अकरा दिवसांनी कामगारांनी अख्खं शहर बंद पाडलं आणि नंतर कामाची पाळी ठरवण्याचा अधिकार मुकादमाच्या हातून काढून घेतला. ज्या नाक्यावर ती माणसं पडली तिथून दोन मिनिटांवर आज कॉफीसाठी रांग लागते. रांगेतल्या कुणाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटलं.

साठच्या दशकात कंटेनर आले. त्यांना लागणारी मोकळी जमीन आणि रेल्वेमार्ग समोरच्या ओकलंडकडे होते, त्यामुळे माल तिकडे गेला. सॅन फ्रान्सिस्कोचे लांबलचक, निमुळते धक्के रिकामे झाले.

त्याआधीच या किनाऱ्यावर एक मोठा घाव बसला होता. १९५० च्या दशकाच्या शेवटी पाण्याच्या कडेने दुमजली काँक्रीटचा महामार्ग उभा राहिला आणि फेरी बिल्डिंग त्याच्याआड गेली. मार्केट स्ट्रीटवरून सरळ पाहिलं की मनोऱ्याच्या छातीवरून आडव्या मोटारी धावताना दिसत. नागरिक चिडले आणि १९५९ मध्ये नगरमंडळाने पुढच्या महामार्गांच्या बऱ्याच योजना रद्द केल्या. हा मात्र अर्धवट अवस्थेत तसाच राहिला. १९८६ मध्ये तो पाडायचा का, असं मतदारांना विचारलं गेलं तेव्हा ते नको म्हणाले. रोजच्या वापरातली सोय सोडायला कोण तयार होतं?

१७ ऑक्टोबर १९८९ च्या संध्याकाळी, पाच वाजून चार मिनिटांनी, ६.९ क्षमतेचा भूकंप झाला. ओकलंडमध्ये अशाच बांधणीचा दुमजली रस्ता कोसळून ४२ माणसं गेली. एम्बार्कडेरोवरचा पडला नाही, पण इतका खिळखिळा झाला की बंद करावा लागला. आता तो दुरुस्त करायचा की पाडायचा? महापौर आर्ट अ‍ॅग्नोस यांनी पाडायची बाजू घेतली. चायनाटाउनमधल्या दुकानदारांचा कडवा विरोध होता आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, कारण त्यांची गिऱ्हाइकं त्याच रस्त्याने येत. अगदी थोड्या मतांनी पाडण्याचा निर्णय झाला, १९९१ मध्ये हातोडे पडायला लागले आणि त्याच वर्षी अ‍ॅग्नोस निवडणूक हरले. चायनाटाउनची नाराजी त्यांना भोवली असं मानलं जातं. रस्त्याच्या जागी आलेल्या पामच्या रांगा, ट्रामचे रूळ आणि चालायची वाट आज साऱ्या जगाला दाखवली जाते. ती ज्या माणसाच्या हट्टामुळे झाली त्याला तिची किंमत खुर्चीने मोजावी लागली. प्रवासाच्या पुस्तकांत त्याच्याबद्दल एखादी ओळ तरी असायला हवी.

भूकंपाने महामार्ग नेला, पण किनारा लोकांचा ठेवण्याचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. १९६१ मध्ये बर्कलीतल्या के कर, सिल्व्हिया मॅकलॉग्लिन आणि एस्थर गुलिक या तीन बायकांनी खाडी बुजवण्याविरुद्ध मोहीम उघडली. तोवर भराव घालून घालून खाडीचा सुमारे एकतृतीयांश भाग आटला होता. असंच चालू राहिलं तर २०२० पर्यंत मधून वाहणारी जेमतेम एक नदी उरेल, असा लष्कराच्या अभियंत्यांचा एक नकाशा वर्तमानपत्रात आला होता. या तिघींनी पत्रं लिहिली, वर्गणीदार गोळा केले, आमदारांच्या मागे लागल्या. १९६५ मध्ये कायदा होऊन खाडीच्या रक्षणासाठी आयोग नेमला गेला. त्यानंतर पाण्याकाठी काहीही बांधायचं तर आधी सांगावं लागतं: लोकांना पाण्यापर्यंत जायला वाट कुठून ठेवणार? खाडीभर छोट्या पाट्या दिसतात, 'सार्वजनिक किनारा' अशा अर्थाच्या. महागड्या हॉटेलच्या गच्चीला लागूनही अशी पाटी असते आणि ती असली की आपण बिनदिक्कत आत जायचं.

धक्क्यांच्या जमिनीलाही असंच संरक्षण आहे. ती १९६० च्या दशकाच्या शेवटी राज्याकडून शहराकडे आली, पण अट घालून. ही जमीन जनतेच्या वतीने सांभाळायची, जहाजं, मासेमारी, व्यापार आणि करमणुकीसाठी वापरायची, तिथे सदनिका बांधून विकायच्या नाहीत. तरी बिल्डर येतातच. १९९० मध्ये धक्क्यांवर हॉटेलं नकोत असं मतदारांनी ठरवलं. २०१३ मध्ये फेरी बिल्डिंगजवळच्या उंच आलिशान घरांची योजना त्यांनी हाणून पाडली आणि २०१४ मध्ये नियमच केला की बंदराच्या जमिनीवर ठरलेल्या उंचीच्या वर जायचं तर मतदारांना विचारून. यामुळे घरं महाग होतात, असं म्हणणारी बाजू आहे आणि या शहरातली भाडी पाहिली तर ती बाजू हलकी धरता येत नाही. पण कठड्याला टेकून पाणी पाहणाऱ्या मावशीकडे पाहताना माझा कौल कुठे पडला, हे वेगळं सांगायला नको.

आता चालायला लागू. धक्क्यांचे क्रमांक कळले की वाट चुकत नाही: फेरी बिल्डिंगच्या उत्तरेला विषम, दक्षिणेला सम. शनिवारी सकाळी तिथे शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तोही महामार्ग गेल्यानंतरच सुरू झाला. पीच, अंजीर, तऱ्हेतऱ्हेचे टोमॅटो, चाखायला ठेवलेल्या फोडी. भाव चढे असतात. पण विकणारा बहुधा शेतावरचाच असतो आणि झाड कुठल्या उतारावर आहे इथपासून सांगत बसतो. इमारतीच्या मागे, बोटींच्या बाजूला, गांधीजींचा पुतळा आहे, काठी टेकत निघालेला. १९८८ पासून तो इथे आहे. आपली माणसं त्याच्याजवळ हटकून थांबतात.

हिंदुस्थानचं या किनाऱ्याशी नातं मात्र त्याहून जुनं. १ नोव्हेंबर १९१३ ला 'गदर' या क्रांतिकारकांच्या वर्तमानपत्राचा पहिला अंक याच शहरातून निघाला. त्या चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला आला, गदरमध्ये गेला, उठावासाठी परतला आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला कर्तारसिंग सराभांबरोबर लाहोरला फासावर गेला. सॉसलिटोची बोट घेतली तर वाटेत एंजल आयलंड दिसतं. १९१० ते १९४० या काळात आशियातून आलेल्यांना तिथे अडवून चौकशी होई. मुख्यतः चिनी, पण पंजाबातले शेतकरीही. चिनी माणसांनी लाकडी भिंतींवर कोरलेल्या कविता अजून तिथे आहेत. आज व्हिसाचा शिक्का घेऊन तासाभरात विमानतळाबाहेर पडणाऱ्या आपल्या आजी-आजोबांनी त्या बेटाकडे एकदा नीट पाहावं.

पिअर ७ हा नुसता लाकडी फळ्यांचा, पाण्यात लांबवर गेलेला धक्का. दुकान नाही, तिकीट नाही. जुन्या धाटणीचे दिवे आणि बाकं. कॅलिफोर्नियात सार्वजनिक धक्क्यावरून मासे धरायला परवाना लागत नाही, त्यामुळे इथे निवृत्त माणसं बादल्या घेऊन बसतात. एका फिलिपिनो आजोबांच्या बादलीत बोटभर रुंदीचे चंदेरी मासे होते. मावशीने वाकून पाहिलं आणि मला म्हणाली, "तळायला बरे." मी ते त्यांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली, खिशातून मिठाची पुडी काढून दाखवली, मग लसूण चेचल्यासारखा हात केला. मावशीने वर तांदळाचं पीठ सुचवलं. पुढची काही मिनिटं दोघं आपापल्या भाषेत मासे तळत होते आणि माझी गरज कुणालाच उरली नव्हती.

पाय दुखले तर ट्राम आहे. एफ मार्गावर जगभरातल्या जुन्या ट्राम धावतात. मिलानच्या १९२८ सालच्या नारिंगी गाड्या, लाकडी बाकांच्या, वळणावर करकरणाऱ्या. शिवाय अमेरिकेतल्या वेगवेगळ्या शहरांचे रंग चढवलेल्या डौलदार गाड्या. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. मावशीला ती आठवते. मिलानच्या गाडीत चढल्यावर तिने आधी घंटेची दोरी कुठे आहे ते पाहिलं.

पिअर ३९ बद्दल थोडक्यात. १९७८ मध्ये उघडलेला तो पर्यटकांचा बाजार आहे, शहरातली माणसं पाहुणे आले तरच तिथे जातात. दुकानं कुठेही मिळतील तशी. बघायचे ते समुद्रसिंह. भूकंपानंतरच्या हिवाळ्यात ते इथल्या रिकाम्या तरंगत्या फळ्यांवर येऊन पडू लागले. बोटींच्या मालकांनी तक्रारी केल्या, वास आणि आवाज दोन्ही सोसवेनात. जाणकारांनी सांगितलं की त्यांना राहू द्या, आणि बोटीच हलवल्या गेल्या. २०२४ च्या मे महिन्यात हजाराहून अधिक मोजले गेले, पंधरा वर्षांतली सर्वांत मोठी संख्या. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: जून-जुलैत ते पिल्लांच्या हंगामासाठी दक्षिणेकडच्या बेटांवर जातात आणि मागे थोडेच उरतात. आपले आईवडील नेमके तेव्हाच येतात.

फिशरमन्स व्हार्फ इटालियन कोळ्यांनी वसवला, आधी जिनोव्हाकडचे, मग सिसिलीचे. आज दर्शनी भागात टी-शर्टची दुकानं आहेत, पण मागच्या गल्लीत गेलात तर रंग उडालेल्या होड्या आणि खेकड्यांचे गोल लोखंडी सापळे रचलेले दिसतात. पदपथावर उकळत्या पाण्याची भांडी. डंजनेस खेकडा आपल्या चिंबोरीहून मोठा, चवीला गोडसर. नुसता मिठाच्या पाण्यात उकडायचा, पाठ उघडायची, लोण्यात बुडवून खायचा. मसाल्याची सवय असलेल्या जिभेला पहिला घास फिका लागतो, तिसऱ्या घासाला गोडी कळते. व्यापारी मासेमारीत फक्त नर धरायची मुभा, तोही पाठ सव्वासहा इंच भरली तरच, मादी परत पाण्यात. हंगाम पूर्वी नोव्हेंबरच्या मध्याला हमखास सुरू व्हायचा. आता सापळ्यांच्या दोऱ्यांत देवमासे अडकू नयेत म्हणून तो बऱ्याचदा जानेवारीपर्यंत पुढे जातो. त्यात २०२० च्या मे महिन्यात पिअर ४५ च्या शेडला आग लागली आणि कित्येक कोळ्यांचे सापळे जळाले. देवमासा वाचायलाच हवा. पण नाताळच्या सणाची विक्री हुकली की कोळ्याचं वर्ष बुडतं. ससून डॉकच्या कोळणींना हे समजवावं लागणार नाही. होड्या गेल्या तर उरलेल्या टी-शर्टच्या दुकानांसाठी कुणी समुद्र ओलांडून यावं असं मला वाटत नाही, म्हणून खेकडा खायचा तर हंगामात आणि इथल्याच होडीचा आहे ना हे विचारून खावा.

सगळं छान आहे असं नाही. महामारीनंतर मागच्या कचेऱ्या बऱ्याच रिकाम्या राहिल्या, आठवड्याच्या मधल्या दिवशी काही भाग ओस वाटतात. बाकांवर रात्र काढणारी माणसं दिसतात. गाडीत पिशवी ठेवून जाऊ नका असं प्रत्येक जण बजावतो. आणि थंडी: ऐन जुलैत दुपारी तीनला गोल्डन गेटमधून धुकं आत शिरतं, कारण बाहेरचा समुद्र थंड आणि आतली शेतांची दरी तापलेली. साडीवर जाकीट घातलेल्या आजी इथे जागोजागी दिसतात.

या किनाऱ्याची पुढची लढाई पायाखालीच आहे. समुद्रभिंत शंभर वर्षांहून जुनी, चिखलावर टेकलेली. मोठा भूकंप झाला तर ती पाण्याच्या दिशेने सरकू शकते आणि समुद्र तर दरवर्षी चढतोच आहे. मोठ्या भरतीला आताच फेरी बिल्डिंगजवळ पाणी रस्त्यावर येतं. २०१८ मध्ये मतदारांनी ४२.५ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना दोनतृतीयांशाहून कितीतरी जास्त मतांनी संमती दिली. २०२४ च्या आरंभी लष्कराच्या अभियंत्यांनी मांडलेल्या आराखड्यात खर्चाचा आकडा १३.५ अब्ज डॉलर होता. काठ उंच करावा लागेल, काही ठिकाणी रस्ता आणि जुन्या इमारतीही. किती उंच, हा वाद आता रंगणार. कारण भिंत कमी पडली तर पाणी शहरात येईल आणि फार वर गेली तर बाकावर बसलेल्या माणसाला पाणी दिसणार नाही. अभियंते, कोळी, धक्क्यावरचे दुकानदार आणि रोज सकाळी इथे धावणारे लोक त्यावर जाहीर सभांमध्ये बोलत आहेत, आणि सभेला कुणीही जाऊ शकतं.